रक्त अपघाताआधी द्यायचे असते



हा प्रसंग कोणत्या गावचा ते सांगण्याची गरज नाही. तो तुमच्या तालुक्यात घडतो, तसाच आमच्याही. संध्याकाळच्या वेळी उसाची ट्रॉली उलटते, किंवा मळणी यंत्राचा पट्टा अंगावरचे कापड ओढून घेतो, किंवा बाजाराहून परतणारी मोटारसायकल मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टरवर आदळते. मांडीचे हाड मोडलेले, कंबर चेपलेली. कोणीतरी जीप काढतो. तालुक्याचे रुग्णालय म्हणते, जिल्ह्याला न्या. जिल्ह्याला पोचेपर्यंत अडीच-तीन तास उलटलेले. डॉक्टर म्हणतात, रक्ताची सोय करा. तासाभरात गावातली चाळीस माणसे बाह्या सरसावून दारात उभी राहतात. माणुसकीत काही कमी पडत नाही. आणि तरीही पहाटे गाडी गावात परत येते ती रडारड घेऊनच.

मग पारावर चर्चा होते. कोणी म्हणतो नशीब, कोणी म्हणतो डॉक्टरने लक्ष दिले नाही, कोणी म्हणतो रक्त मिळाले नाही. पण चाळीस माणसे रक्त द्यायला तयार असताना रक्त मिळत का नाही? आणि पिशव्यांवर पिशव्या चढवल्या तरी कधी कधी वाहणारे रक्त थांबत का नाही? या दोन प्रश्नांची उत्तरे आता वैद्यकशास्त्राला बऱ्यापैकी ठाऊक आहेत. ती आपल्या गावापर्यंत आलेली नाहीत, एवढेच. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावरच्या अपघातात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यात महाराष्ट्रातली १५ हजार २२४. शेतातल्या यंत्रात सापडलेले, विहिरीत पडलेले, बैलाने मारलेले यात धरलेले नाहीत. तेव्हा जिल्हा बैठकीच्या या अंकात भावाचा आणि विजेचा विषय थोडा बाजूला ठेवून रक्ताचा हिशेब मांडायचे ठरवले आहे.

बांध का धरत नाही

पन्नास-साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात साडेतीन ते चार लिटर रक्त असते. त्यातले दीड लिटर, म्हणजे मोठा तांब्याभर, गेले की जीव टांगणीला लागतो. आणि हे जाणारे रक्त बाहेर दिसेलच असे नाही. मांडीचे हाड मोडले तर लिटरभर रक्त मांडीच्या आतच साचते; कंबरेचे हाड फुटले तर त्याहून जास्त पोटाच्या तळाशी जाते. अंगावर रक्ताचा थेंब नाही, म्हणून 'मुका मार आहे, सकाळी बघू' असे म्हणत माणूस रात्रीत जातो.

रक्त थांबवण्याची सोय निसर्गाने केलेली आहे. पाटाला भगदाड पडले तर आपण आधी ढेकळे टाकतो, मग काड्या-पाचट आणि वरून चिखल थापतो. शरीर तेच करते. रक्तबिंबिका, म्हणजे डॉक्टर ज्यांना प्लेटलेट म्हणतात त्या, ढेकळांसारख्या भगदाडात जाऊन बसतात. रक्तद्रवातले फायब्रिनोजेन नावाचे द्रव्य धाग्यांची जाळी विणते. बांध तयार होतो. जखम भरली की तो बांध विरघळवून पाट मोकळा करणारे द्रव्यही शरीरातच असते. एरवी हे दोन्ही गडी आपापल्या वेळेला कामावर येतात.

मोठ्या दुखापतीत मात्र सगळी घडी विस्कटते. लंडनच्या रॉयल लंडन हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी १,०८८ जखमींच्या नोंदी तपासून २००३ साली दाखवून दिले, की दर चौघांतल्या एकाचे रक्त रुग्णालयात पोचतानाच नीट गोठेनासे झालेले होते. अशा जखमींपैकी शेकडा ४६ दगावले. ज्यांचे रक्त नीट गोठत होते त्यांच्यातले सुमारे ११. तोवर डॉक्टरांचा समज असा, की भरपूर सलाईन दिल्याने रक्त पातळ होते आणि मग गोठत नाही. या पाहणीने सांगितले की बिघाड त्याआधीच, दुखापतीबरोबर आणि रक्त कमी पडल्याबरोबर सुरू होतो. फायब्रिनोजेन झपाट्याने संपते आणि बांध विरघळवणारा गडी वेळेआधीच कामाला लागतो. इकडे ढेकळे टाकावीत आणि तिकडे कोणीतरी ती उपसून काढावीत, अशी गत होते.

थंडी, आंबटपणा आणि पाणी

हा बिघाड वाढवणाऱ्या आणखी तीन गोष्टी आहेत आणि त्यातल्या दोन तरी आपल्या हातात आहेत.

पहिली थंडी. पौषात विरजण लावलेले दूध सकाळपर्यंत पातळच राहते, म्हणून घरची बाई भांडे चुलीशेजारी ठेवते किंवा गोधडीत गुंडाळते. रक्त गोठवणारी द्रव्येही अशीच, उबेवर काम करणारी. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली उतरू लागले की त्यांचे काम मंदावते, बिंबिकाही सुस्तावतात. आणि आपण काय करतो? पाण्याने भिजलेल्या, रक्ताने ओल्या कपड्यांनिशी जखमीला उघड्या ट्रॉलीत घालून रात्रीच्या वाऱ्यात तीस-चाळीस किलोमीटर नेतो. वर शुद्धीवर यावा म्हणून तोंडावर गार पाणी मारतो.

दुसरी गोष्ट आंबटपणा. रक्त पुरेनासे झाले की स्नायूंना प्राणवायू मिळत नाही, तिथे आम्ल तयार होते आणि रक्तात उतरते. त्यानेही गोठण्याचे काम बिघडते. याला उपाय एकच: रक्तस्राव लवकर थांबवणे आणि गेलेले रक्त लवकर भरून देणे.

तिसरी गोष्ट पाणी, म्हणजे सलाईन. आपल्याकडे सलाईनवर देवापेक्षा अधिक श्रद्धा आहे. 'दोन बाटल्या चढवा, मग पुढे न्या' असा आग्रह नातेवाईकच धरतात. पण सलाईनमध्ये ना बिंबिका असतात, ना फायब्रिनोजेन, ना प्राणवायू वाहणाऱ्या लाल पेशी. ताकात पाणी घालत गेले तर पातेले भरलेले दिसते, पण ताक उरत नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात भोसकलेल्या व गोळी लागलेल्या ५९८ जखमींचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना वाटेतच भराभर सलाईन दिले त्यांच्यातले शेकडा ६२ जगले. ज्यांना शस्त्रक्रियेपर्यंत थांबवले त्यांच्यातले ७०. याचा अर्थ सलाईन विष आहे असा करू नये. डोक्याला मार असेल तर रक्तदाब फार उतरू देऊन चालत नाही, आणि किती द्यायचे ते डॉक्टरच ठरवतील. पण बाटली लावली म्हणजे उपचार झाला, ही समजूत सोडून दिली पाहिजे.

अशा रोग्याला हवे असते ते रक्त, आणि तेही रक्ताच्या सर्व भागांसह. अमेरिकेतल्या १२ रुग्णालयांत ६८० गंभीर जखमींवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाल पेशी, रक्तद्रव आणि बिंबिका सारख्या प्रमाणात दिल्या, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत रक्तस्रावाने शेकडा ९ दगावले. लाल पेशींचे प्रमाण दुप्पट ठेवले तेथे जवळजवळ १५. एकूण मृत्यूंत मात्र पक्का म्हणावा असा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. शिकायचे ते एवढेच, की नुसत्या लाल पिशव्या ओतून भागत नाही. शिवाय पिशवीतले रक्त गोठू नये म्हणून त्यात घातलेले सायट्रेट रोग्याच्या रक्तातले कॅल्शियम धरून ठेवते. आणि कॅल्शियमवाचून रक्त गोठत नाही. म्हणून अनेक पिशव्या दिल्यावर कॅल्शियमही द्यावे लागते. एका रोग्याला दिवसभरात दहा-दहा पिशव्या लागतात अशा ठिकाणी हे सारे हाताशी असावे लागते, आधीपासून.

एक स्वस्त औषध आणि घड्याळाचा काटा

बांध उपसणाऱ्या गड्याला आवरणारे औषध आहे. त्याचे नाव ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड. जपानमधल्या उताको ओकामोटो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोटो यांनी १९६२ साली ते जगापुढे आणले. बाळंतपणात रक्तस्रावाने मरणाऱ्या बाया वाचाव्यात ही उताकोबाईंची तळमळ होती. मोठ्या जखमींसाठी ते उपयोगी पडते का, याची परीक्षा ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांत २० हजार २११ जखमींवर झाली. त्यात भारतातली रुग्णालयेही होती. निकाल २०१० साली लागला. औषध मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा १४.५, न मिळालेल्यांत १६. फरक लहान दिसतो. पण शंभर जखमींमागे दीड माणूस म्हणजे हजारांमागे पंधरा घरे उघडी पडायची वाचली. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने जखमींसाठी हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले.

मात्र त्याच परीक्षेत आणखी एक गोष्ट उघडी पडली, आणि ती आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. पहिल्या तासात औषध मिळाले तेव्हा रक्तस्रावाने मरणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ७.७ वरून ५.३ वर आले. तीन तासांपर्यंतही फायदा झाला. तीन तास उलटून गेल्यावर दिले तेव्हा उलट मृत्यू वाढले. पेरणीची वापसा निघून गेल्यावर बी टाकावे, तसे. मग विचार करा, जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचायलाच तीन तास लागत असतील, तर हे औषध जिल्ह्याच्या कपाटात असून आपल्या काय उपयोगाचे? ते प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात आणि १०८ च्या गाडीत डॉक्टरच्या हाताशी असले पाहिजे. त्यावर कोणाची मक्तेदारी नाही, ते महाग नाही, शीतपेटीही लागत नाही. कमी पडते ते मागणी करणारे तोंड.

चाळीस बाह्यांचे रक्त कोठे जाते

आता त्या दारात उभ्या राहिलेल्या चाळीस माणसांकडे वळू. त्यांचे रक्त त्याच रात्री रोग्याला का चढत नाही? कारण दिलेले रक्त आधी तपासावे लागते: एड्सचे विषाणू, काविळीचे ब आणि क हे दोन प्रकार, गुप्तरोग, हिवताप. घटक वेगळे करायचे असतात. रोग्याच्या रक्ताशी जुळवून पाहायचे असते. यात काही तास जातात, आणि ते जाऊ दिलेच पाहिजेत. नाहीतर एका संकटातून काढून दुसऱ्यात टाकल्यासारखे होईल. पण मोठा रक्तस्राव इतके तास थांबत नाही. म्हणजे अपघातानंतर दिलेले रक्त त्या जखमीला बहुधा उपयोगी पडत नाही. त्याला वाचवते ते कोण्या अनोळखी माणसाने आठ-पंधरा दिवसांपूर्वी देऊन ठेवलेले, तपासून शीतपेटीत ठेवलेले रक्त.

ते तेथे का नसते, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागू नये. साऱ्या मुलखाचा कांदा एकाच दिवशी बाजारात आला तर काय होते ते आपण भोगलेले आहे. रक्ताचे आपण तेच करतो. पुढाऱ्याचा वाढदिवस, एखादी जयंती, मांडव, हार, छायाचित्र आणि एका दिवसात पाचशे पिशव्या. पण लाल पेशी टिकतात ३५ ते ४२ दिवस. बिंबिका पालेभाजीसारख्या, पाच दिवसांत संपल्या. रक्तद्रव तेवढे गोठवून वर्षभर ठेवता येते. त्या पाचशेतल्या ज्या पिशव्या महिना-सव्वा महिन्यात लागल्या नाहीत त्या टाकून द्याव्या लागतात. आणि पुढे मे महिन्यात, दिवाळीत, कॉलेजे बंद पडली की शीतपेट्या रिकाम्या. रक्त कारखान्यात तयार होत नाही आणि वखारीत साठून राहत नाही. ते रोजच्या रतिबाने यावे लागते, दुधासारखे.

रक्त हा विकायचा माल नाही, हेही लक्षात ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ सालच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर देशभर बंदी आहे. रक्तपेढीला तपासणी आणि साठवण यांचा ठरवून दिलेला खर्चच घेता येतो. तेव्हा रक्त येणार ते माणसांच्या दानातूनच.

सोलापूरच्या डॉक्टरची आठवण

हे खेड्यात जमणारे नाही असे कोणी म्हणेल, तर त्याला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण द्यावी. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक तिकडे गेले, त्यात ते होते. त्यांच्या आधी त्याच आघाडीवर नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे शल्यविशारद काम करत होते. बेथ्यूननी स्पेनच्या यादवी युद्धात माद्रिदच्या नागरिकांकडून रक्त गोळा करून, शीतपेटीत ठेवून, गाडीतून थेट रणांगणापर्यंत पोचवले होते. चीनच्या डोंगराळ मुलखात ना वीज होती ना शीतपेटी. रक्त देणे म्हणजे जीव देणे अशी तेथल्या शेतकऱ्यांची समजूत. बेथ्यूननी त्यांच्यादेखत स्वतःच्या हातातले रक्त जखमीला दिले. मग तेच शेतकरी पुढे आले आणि रक्त देणाऱ्यांची गावोगाव पथके उभी राहिली. १९३९ साली बेथ्यून शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या बोटाच्या जखमेचे विष अंगात भिनून वारले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे कोटणीस प्रमुख झाले आणि १९४२ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच काम करता करता गेले.

बिनतपासणीचे रक्त थेट एकाचे दुसऱ्याला देण्याची ती रीत आज आपल्याकडे कायद्याने चालत नाही, आणि चालू नयेच. घ्यायची ती गोष्ट वेगळी: कोणाचा गट कोणता, कोणी कधी दिले, पुढची पाळी कोणाची, हे गावाला आधीपासून ठाऊक होते.

सरकारचे काम सरकारकडून

आपण रक्त द्यायचे, तर ते ठेवायची जागा सरकारने द्यायची. ग्रामीण रुग्णालयांत पूर्ण रक्तपेढी नसली तरी परवानाधारक रक्तपेढीशी जोडलेले रक्त साठवणूक केंद्र चालवता यावे, म्हणून केंद्र सरकारने २००१ सालीच औषध नियमांत सवलत दिली. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात असे केंद्र आहे का? पाटी असेल, पण शीतपेटी चालू आहे का? रात्री वीज गेल्यावर तिला जनित्र आहे का? तंत्रज्ञ रात्री हजर असतो का? शेताला रात्रीची वीज आणि रक्ताला दिवसाची, असा प्रकार असेल तर विचारले पाहिजे.

आणि 'निधी नाही' हे उत्तर ऐकून परत फिरू नये. १९९२ साली बंगालमधला एक शेतमजूर आगगाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागलेला असताना त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवले. पश्चिम बंग खेत मजदूर समितीने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. १९९६ साली निकाल लागला: तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे जगण्याचा हक्क नाकारणे, आणि पैसा नाही या सबबीवर सरकारला ही जबाबदारी टाळता येणार नाही. तो निकाल शेतमजुरांच्या संघटनेने मिळवलेला आहे. तो वापरायचा की नाही ते आपण ठरवायचे.

बांधावरचे पहिले काम

डॉक्टरच्या आधी जखमीजवळ आपण असतो. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरा आणि दर मिनिटाला उघडून पाहू नका. हळद, चुना, तंबाखू, चहाची पूड जखमेत भरू नका. हातापायातून रक्ताची धार लागली असेल आणि दाबून थांबत नसेल तरच जखमेच्या वर, सांध्यावर नव्हे, चार बोटे रुंद पट्टी बांधा, काठीने पिळून आवळा आणि वेळ लिहून ठेवा. तार किंवा सुतळी वापरू नका. मधेच सोडू नका. शरीरात घुसलेला विळा किंवा सळई उपसू नका. ओले कपडे काढा, घोंगडी पांघरा. खायला-प्यायला काही देऊ नका. १०८ ला फोन करा.

पोलिसांच्या भीतीने रस्त्यावरच्या जखमीला सोडून जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मान्यता दिलेल्या नियमांनी आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात घातलेल्या कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेले आहे. नाव सांगण्याची सक्ती नाही, साक्षीदार होण्याचीही नाही.

बैठकीपुढचे ठराव

या बैठकीत पुढील चार ठराव मांडावेत अशी सूचना आहे.

एक: प्रत्येक गावाने १८ ते ६५ वयाच्या, ४५ किलोंहून अधिक वजनाच्या रक्तदात्यांची रक्तगटासह यादी करावी. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी रक्त देता येते. हिमोग्लोबिन साडेबारा लागते; ज्या मायबहिणींचे तेवढे भरत नाही त्यांची यादी वेगळी करावी, कारण त्यांच्या ताटाचा विचार करणे हे त्यांच्याकडून रक्त मागण्याआधीचे काम आहे.

दोन: एका दिवसाचे मोठे शिबिर बंद. तालुक्यातली गावे रक्तपेढीला विचारून महिन्यामहिन्याला वाटून घ्यावीत. मे आणि दिवाळी आधी भरावी.

तीन: ग्रामीण रुग्णालयातले रक्त साठवणूक केंद्र आणि आरोग्य केंद्रातले ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड यांची पाहणी प्रत्येक तालुक्याच्या तीन-तीन कार्यकर्त्यांनी करावी, लेखी उत्तर घ्यावे आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवावे.

चार: मळणी आणि गळिताचा हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक गावात दोन बाप्ये आणि दोन बाया रक्त थांबवायला शिकलेल्या असाव्यात.

यात मोर्चा नाही, तुरुंग नाही, वर्तमानपत्रात छायाचित्रही येणार नाही. पण पुढच्या वेळी रात्री जीप जिल्ह्याच्या दारात पोचेल तेव्हा जखमी घोंगडीत गुंडाळलेला असेल, मांडीवर पट्टी आणि चिठ्ठीवर वेळ असेल, तालुक्यालाच इंजेक्शन मिळालेले असेल आणि शीतपेटीत त्याच्या गटाच्या पिशव्या असतील. त्या कोणी दिल्या हे त्याला कधीच कळणार नाही. चाळीस माणसे बाह्या सरसावून तेव्हाही येतील. त्यांना रक्तपेढीने सांगावे, की तुमचे रक्त घेतो, पण ते याच्यासाठी नाही. पुढच्या कोणासाठी तरी. आणि त्यांनी ते समजून द्यावे.